पाच मिनिटं आम्लात

जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा काळा थर द्यायचा,
त्यावर सुईने ओरखडायचं,
मग पत्रा आम्लात. पाच मिनिटं, फार तर सहा.
थर शाबूत तिथे काही होत नाही,
ओरखडा तिथे आम्ल चावतं.
फतेगंजच्या वर्गात मी हे दरवर्षी सांगते,
तेच शब्द, त्याच क्रमाने.
मुलं माझी नक्कल करतात. चांगली करतात.

मीही नकलांवरच वाढले.
हसायचं कधी, ते शालन मोहितेकडून उचललं,
मान डोलवणं मामीकडून,
रावपुऱ्यातल्या शिवणवालीकडून तिचं
"शुं वात करो छो!", तंतोतंत त्याच चालीवर.
नाव सुनयना आणि बघते कुठे, असं बाई म्हणायच्या,
तेव्हा दोन भुवयांच्या मध्ये बघायला शिकले.
ही युक्ती माझी स्वतःची.
थर एकसारखा बसला.
हळदीकुंकवात, मुंजीत, प्रदर्शनाच्या उद्घाटनात
कोणाला कधी फट दिसली नाही.

नवरात्रात मात्र
चार मैदानांचे भोंगे एकमेकांत घुसायचे
आणि मी न्हाणीघरात, पालथ्या बादलीवर,
नळाचे थेंब मोजत.
दाराबाहेर वहिनी पाहुण्यांना सांगायची,
कलावंत आहे ना, त्यांचं असंच.

छत्तिसाव्या वर्षी मोठं पारितोषिक मिळालं.
शाल, नारळ, तीनशे माणसांशी बोलणं.
त्यानंतर अकरा महिने
मी दही-भात खाल्ला, एकाच वाटीत,
आणि सुई हातात धरली नाही.
दांडिया बाजारातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या.
उदासी, म्हणाले. खोटं नव्हतं.
चावा दिसला त्यांना.
पत्रा आत किती वेळ आहे
हे त्यांनी विचारलं नाही, मलाही सुचलं नाही.
वर्गात सांगायचं राहतं ते हे :
फार वेळ ठेवला तर आम्ल थराखालूनही शिरतं.
मग रेघ उरत नाही, खड्डा उरतो.

चव्वेचाळिसाव्या वर्षी, अलकापुरीत,
निपाबेन पारीख. तीन बैठका, कितीतरी प्रश्न.
चाळिसाव्या प्रश्नाचे दोन अर्थ होत होते,
मी तो दुरुस्त करून दिला.
त्या हसल्या, वहीत काहीतरी लिहिलं.
शेवटी म्हणाल्या, ऑटिझम.
मी विचारलं, पंखा बंद करता का?
तीन बैठका मला तो विचारायचा होता.

आईला सांगायला गेले.
"ते लहान मुलांना असतं ना, न बोलणाऱ्या?"
मी वीस मिनिटं समजावलं, न थांबता.
सातव्या वर्षी मी शहर बसचे मार्ग सांगायचे
तेव्हा ऐकायची तशीच ऐकत होती, शेंगा सोलत.
"म्हणजे बरं नाही होणार?"
आजार नाही तर बरं काय होणार.
"आणि त्या गोळ्या?"
त्या उदासीच्या. त्या चालू आहेत. ते वेगळं.
"बरं," म्हणाली.

मग पिशवीतला माझा नवा कुडता काढला,
चष्मा लावला, शिवणाच्या डब्यातली छोटी कात्री,
आणि गळ्यामागचं लेबल उसवू लागली,
एकेक टाका,
टोचेल असं टोक न ठेवता.
"फ्रॉकपासून करतेय," म्हणाली. "नाहीतर रडायचीस."

मला वाटायचं,
आमच्या घरी कपडे लेबलाशिवायच येतात.

लेबल तिने माझ्या हातात दिलं.
फेकायचं की ठेवायचं, काही बोलली नाही.
शेंगांकडे वळली.

काल वर्ग सुटल्यावर
एक पत्रा थर न देताच आम्लात सोडला,
घड्याळ लावून.
कागदावर फारसं काही उतरलं नाही.
पातळ राखाडी, कडेला एक बोटाचा ठसा.
दोरीवर सुकत टाकलाय.
वाईट नाही.